भेंडीचं ऊन

तर झालं असं. कॉलेजातला एक मित्र नागपूरहून जर्मनीला निघाला. सोफा विकला, वॉशिंग मशीन विकलं, एकच गोष्ट उरली. त्याचा फोन आला, "तुझं वर्क फ्रॉम होम आहे ना बे? भंडाऱ्याला मोठं घर आहे ना? मग इग्वाना घेशील का?"

मी हो म्हणालो. आम्ही इंजिनियर लोक आधी हो म्हणतो आणि मग डॉक्युमेंटेशन वाचतो.

शेपटीसकट जेमतेम फूटभर लांब, पोपटी रंगाचं पोर. पिंजऱ्यात पहिल्यांदा बघून माझ्या तोंडातून जे निघालं, तेच त्याचं नाव पडलं. भेंडी!

आईची पहिली प्रतिक्रिया आमच्या झाडीपट्टीला साजेशी होती. "घोरपड कायले आणली रे घरात? जंगलखातं धरून नेईल ना!"

आईची भीती अगदीच चुकीची नव्हती. घोरपड आपल्याकडची, कोका-नागझिऱ्याच्या जंगलात सापडणारी, मांसाहारी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती पाळणं म्हणजे थेट गुन्हा. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पक्का शाकाहारी. पण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तोही नोंदीशिवाय ठेवता येत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. हे सगळं मित्राने आणि मी केलं. कागद पक्के झाले आणि मला वाटलं, जिंकलो.

पिंजरा माझ्या टेबलाजवळ, पूर्वेच्या खिडकीत ठेवला. छान कोवळं ऊन यायचं. खायला रोज ताजा पालक. इकडे माझा कॉल चालू आणि तिकडे हे साहेब फांदीवर पसरलेले. वर काळजी किती! इग्वानाच्या डोक्यावर एक तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड-सावली कळते, त्यामुळे वरून हात आला की त्याला ससाणाच आल्यासारखं वाटतं. म्हणून मी हात नेहमी बाजूने न्यायचो आणि नंतर साबणाने धुवायचो, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. एकूण काय, सगळं कसं बेस्ट प्रॅक्टिसप्रमाणे.

दोन महिन्यांनी भेंडी फांदीवरून पडला. दुसऱ्या दिवशी परत. मग नीट बघितलं तर त्याची बोटं थरथरत होती. खालचा जबडा सुजल्यासारखा, आणि पानाचा तुकडा तोंडातून गळून पडत होता.

जवळचे पशुवैद्य भले माणूस. म्हणाले, "गाय, म्हैस, बकरी, काही पण आण. हे मला नाही जमणार." मग शनिवारी खोक्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, शेजारी भेंडी, आणि साठ किलोमीटर नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि दोनच प्रश्न विचारले. "खायला काय देता? ऊन कुठून येतं?"

माझी दोन्ही उत्तरं चूक निघाली.

पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आणि खिडकीची काच! इग्वानाला ड-३ जीवनसत्त्व बनवायला उन्हातले यूव्ही-बी किरण लागतात, ते साध्या काचेतून आत येतच नाहीत. ड-३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही वाया. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. म्हणजे तो रोज माझ्यासमोर उन्हात बसत होता आणि रोज उपाशी राहत होता. मित्राने दिलेला यूव्ही-बी दिवा मी "आपल्याकडे ऊन काय कमी आहे" म्हणून माळ्यावर टाकला होता.

येताना खोकं मांडीवर होतं. बाबा गाडी चालवत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी सुताराकडून जाळीचा पिंजरा करून आणला. गच्चीवर, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. सावली हवीच, कारण आपला मे महिना त्याला तासाभरात भाजून काढेल. सकाळी ऊन, आत आला की नवा यूव्ही-बी दिवा, शेकायला बत्तीस-तेहतीस अंशांची एक जागा, थंडीच्या रात्री उजेड न देणारा हीटर. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कॅल्शियम. आणि पालक बंद. शेजारच्या काकूंच्या झाडाचा मुनगा, म्हणजे तुमचा शेवगा, त्याचा पाला आता आई बारीक चिरून देते, वर जास्वंदीचं एक फूल. घोरपड म्हणणं काही तिने सोडलेलं नाही.

थरथर थांबायला काही आठवडे लागले. आता तो चढतो, खातो, नाकातून जास्तीचं मीठ शिंकरून माझ्या लॅपटॉपवर पांढरे ठिपके पाडतो. मागच्या उजव्या पायाला थोडा बाक राहिलाय. डॉक्टर म्हणाले, तो राहणारच.

मला त्याचा लळा आहे, त्याला माझा आहे की नाही, माहीत नाही. बहुतेक नाही. त्याला माझ्याकडून प्रेम नकोच होतं, ऊन हवं होतं आणि योग्य पाला हवा होता. मी मात्र त्याला जे द्यायला मला आवडतं ते देत बसलो. असो.

नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो आणि पाच फुटांच्या वर जातो. म्हणजे माझी पंचेचाळिशी तो बघणार. आता कंपनीने परत पुण्याला बोलावलंय. परवा ब्रोकरला फोन केला. म्हटलं, एक खोली जास्तीची हवी, बाल्कनीत सकाळचं ऊन हवं, आणि बाल्कनीला काच नको, जाळी हवी.

"घरात लहान मूल आहे का सर?"

म्हटलं, हो.