दामदुप्पट

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माणसाचा 'दामदुप्पट' या शब्दावरचा विश्वास उडतो. किसान विकास पत्र १९८८ साली निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. पुढे ती मुदत बरीच लांबली. पाच महिन्यांत दुप्पट करून देणारी योजना मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्या घरच्या पाळण्यात निजलेली होती.

चिरंजीव जन्मले तेव्हा वजन २ किलो ९०० ग्रॅम. पाचव्या महिन्यात ५ किलो ८००. वर्षाला ८ किलो ७००, म्हणजे चोख तिप्पट! मी कॉमर्सचा पदवीधर. लगेच चक्रवाढीने आकडेमोड केली, तर तिसऱ्या वाढदिवसाला चिरंजीव ७८ किलोंचे भरत होते. घाबरून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलो वाढला तरी पुष्कळ." म्हणजे आधी घसघशीत व्याज दाखवून गिऱ्हाईक गोळा करायचं आणि मग दर उतरवायचा. आमच्याच धंद्यातली युक्ती!

बाकी सगळं तसं वेळच्या वेळी चाललं होतं. सहाव्या आठवड्यात ते माझ्याकडे बघून हसले. आई म्हणाली, "सटवाई हसवतेय रे त्याला." पण सटवाई झोपेत हसवते. हे महाशय डोळे टक्क उघडे ठेवून, माझं तोंड नीट न्याहाळून हसले होते. (या तोंडाकडे बघून ऑफिसात आजवर कोणी हसलेलं नाही. निदान समोर तरी.) पुढे मान धरली, पालथे पडले, सातव्या महिन्यात बसते झाले. आणि बसले ते बसलेच.

रांगेनात!

म्हणजे हालचाल होती. एक पाय दुमडून, दुसरा पुढे टाकून, बूड घासत ते घरभर सरकत. वेगही असा, की स्वयंपाकघरातून हाक मारावी तर वल्हवत्या होडीसारखे दारात हजर. फरशी लख्ख राहायची आणि चड्ड्यांची बुडं महिन्याला झिजायची. पण याला रांगणं म्हणायला बिल्डिंग तयार नव्हती. शेजारच्या काकू रोज येऊन विचारत, "काय, अजून नाही?" त्यांचा नातू म्हणे नवव्या महिन्यात जिना चढला होता. आईने तेल बदललं. मावशीने पाळण्यालाच दोष दिला. वर्ष झालं, तेरा महिने झाले, चौदा झाले. चिरंजीव उभेसुद्धा राहीनात.

एका रात्री मला जाग आली. बायको टॉर्च लावून त्याचे पाय निरखत होती. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. दुसऱ्या रात्री टॉर्च माझ्या हातात होती आणि सोंग तिच्याकडे. दिवसा आम्ही दोघं एकमेकांना "होईल हो सगळं" एवढंच सांगत होतो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुबे तपासले, पाय ताणून पाहिले, खुळखुळा वाजवून पाहिला. हाक मारली की बघतो का, बोट दाखवतो का, ते विचारलं. मग म्हणाले, की काही मुलं रांगतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली ८१६ मुलं अभ्यासली, त्यांत दिल्लीचीही होती. शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अशी बुडावर सरकणारी बरेचदा चालायलाही उशीर लावतात. आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने. "अठरा महिने होऊनही चालला नाही, तर मात्र लगेच घेऊन या."

मूल आणि त्याला दशांश चिन्ह! पण बँकेच्या माणसाला दशांशाने जो धीर येतो तो अंगाऱ्याने येत नाही. मी १७.६ ही मुदतीची तारीख म्हणून मनात टाचून ठेवली. अडीच महिने हातात होते.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. बँकेत काठ्या, मफलर आणि खोकला यांची दाटी असते. नेमकी त्याच दिवशी बायको चिरंजीवांच्या नावाचं खातं उघडायला त्यांना घेऊन आली. फॉर्म भरायला तिने त्यांना बाकाशेजारी खाली ठेवलं.

आमचं काउंटर चार फूट उंच. चिरंजीव अडीच फुटांचे. त्यामुळे पुढचं मला काहीच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की बायकोचं पेन हवेत थांबलं. मग रांगेतली सगळी पिकली डोकी एकदम खाली वाकली, आणि खाली वाकलेलीच हळूहळू डावीकडून उजवीकडे वळली. एक आजोबा ओरडले, "अरे, माझी काठी!" दुसरे म्हणाले, "असू दे हो, तुम्ही धरा भिंतीला! सोडा, त्याला काठी सोडा!" आणि मग टाळ्या.

मी खुर्चीवर चढेपर्यंत चिरंजीव काठीसकट खाली बसले होते. चार पावलं टाकली म्हणतात. कोणी पाच म्हणतं. काठीवाले आजोबा तर सहावर ठाम आहेत.

संध्याकाळी कॅश बरोबर जुळली. फक्त एका हयातीच्या दाखल्यावर मी 'रद्द'चा शिक्का मारलेला निघाला.