दूध चालत नाही

मराठीतील ‘चालणे’ या क्रियापदाचा एक उपयोग परभाषकांना शिकवताना मला दर वेळी थांबावे लागते. ‘तुम्हांला कांदा चालतो का?’ या प्रश्नातला कांदा कुठेच चालत नसतो, आणि उत्तर देणारा केवळ आवडनिवडही सांगत नसतो. चातुर्मासाचा नेम, वैद्याचे पथ्य, घराण्याची रीत, निव्वळ नावड, या सर्वांना ते एकच क्रियापद पुरते. पाहुण्याने ‘चालत नाही’ म्हटले की यजमानाने कारण विचारायचे नाही, असा एक अलिखित संकेत त्यात आहे. तो संकेत किती मोलाचा आहे हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले. कारण तेव्हा मला दूध चालेनासे झाले.

कारण साधे होते. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. अंगावर पिणाऱ्या बाळात ते भरपूर असते. पुढे बहुतेकांच्या शरीरात ते कमी होत जाते. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. म्हणजे जन्मभर पेलाभर दूध पचवणारी माणसे हाच खरा अपवाद. दुधाची ॲलर्जी ही याहून निराळी गोष्ट. तीत दुधातील प्रथिनांशी शरीराचे वैर असते आणि थेंबही धोक्याचा ठरू शकतो. माझ्या डॉक्टरांनी सांगितले, “चमचाभर चालेल, पेला नको.” पुन्हा तेच क्रियापद! गिरगावात मी ‘सोसत नाही’ म्हटले की ओवा-हिंगाचे उपाय सुरू होतात. ‘सोडले’ म्हटले की कोणते व्रत, अशी विचारणा होते. ‘चालत नाही’ म्हटल्यावर मात्र सगळे गप्प होतात. पण यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उरतोच: मग हिच्यापुढे ठेवायचे तरी काय? चहा, पेढा, खरवस, श्रीखंड, बासुंदी. आपल्या आतिथ्यातून दूध वजा केले की बाकी फार थोडी उरते, आणि दोन-तीन वेळा असे झाले की माणूस लोकांकडे जाणेच टाळू लागतो. मी टाळू लागले होते.

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या मुलीने यावर तोडगा म्हणून गेल्या खेपेला बॅगेतून दोन खोकी आणली. मॅकरोनी आणि चीज हा तिकडचा घरगुती पदार्थ. 1937 साली, मंदीच्या काळात, क्राफ्ट कंपनीने तो खोक्यात भरून स्वस्तात विकायला काढला आणि तो घराघरांत पोहोचला. माझ्या खोक्यातील प्रकार ‘व्हीगन’ होता. हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन घडवला. मधली अक्षरे गळाली आणि त्यांच्याबरोबर दूध, अंडी, मधही गेले. मराठीत याला प्रतिशब्द रुळलेला नाही. आपल्या ‘शाकाहारी’ शब्दात दूध इतके मुरले आहे की ते वेगळे काढावे असे कोणाला वाटलेच नाही.

खोक्यात वाकड्या नळ्या होत्या आणि पिवळ्या भुकटीची एक पुडी. बटाट्याचे पिष्ट, तांदळाचे पीठ, वाळवलेले यीस्ट, कांद्याची पूड, रंगासाठी हळद, आणि लॅक्टिक आम्ल. या शेवटच्या नावापाशी मी रेंगाळले. शील या रसायनशास्त्रज्ञाने 1780 साली हे आम्ल आंबलेल्या दुधातून वेगळे केले, म्हणून दुधाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. आता ते कारखान्यात वनस्पतिजन्य साखर आंबवून करतात. दुधाचा थेंबही नसलेल्या खोक्यात दुधाचे नाव तेवढे उरले होते. चव म्हणाल, तर ती आंबट, खारट, किंचित बुरसट आणि जिभेवर पिठूळ. वाईट नव्हती. पण प्रत्येक घासाला मी ‘हे चीजसारखे आहे का?’ असेच स्वतःला विचारत होते, आणि एखादा पदार्थ असा परीक्षेला बसवून खाण्यात पोट भरते, जेवण होत नाही.

अशा पदार्थांच्या नावांचा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. युरोपीय न्यायालयाने जून 2017 मध्ये निर्णय दिला की दूध, लोणी, चीज ही नावे निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना विक्रीसाठी लावता येणार नाहीत. मात्र तिथेही परंपरेने रुळलेल्या नावांची एक यादी आहे. तीत इंग्रजीतील ‘नारळाचे दूध’ आणि फ्रेंचमधील ‘बदामाचे दूध’ सुरक्षित आहेत. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर 2021 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना असाच आदेश दिला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ‘दूध’ म्हणजे नेमके कोणाचे, हा त्या वादाचा गाभा.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका रुग्णशय्येपाशी निघाला होता. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. गाई-म्हशींचे दूध अधिक निघावे म्हणून होणारे क्रौर्य हे त्यामागचे एक कारण होते. 1919 च्या जानेवारीत ते आजाराने खंगलेले असताना डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याविना प्रकृती सुधारणार नाही असे सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवले, की मग शेळीच्या दुधाला हरकत कशाला? गांधीजींनी ते घेतले. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, तरी त्यात सर्वच प्राण्यांचे दूध येते. आपण व्रताचे अक्षर राखले, आत्मा गमावला. वाच्यार्थ आणि विवक्षा यांतला भेद वर्गात समजावताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. कस्तुरबांचा युक्तिवाद मात्र भाषेच्या दृष्टीने बिनतोड होता, असे माझे मत आहे.

कारण मराठीने दुधाची सीमा गोठ्यापाशी कधीच आखली नाही. ज्वारीच्या कणसात दूध भरते. व्यालेल्या म्हशीचा तो चीक, रुईचा तोडलेल्या पानातून ठिबकतो तोही चीक, आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढतात तोही चीकच.

लालबागेत राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांच्या आई मूळच्या मालवणच्या. श्रावणातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले आणि नेहमीचे वाक्य उच्चारले. त्यांना कोणताही पेच पडला नाही. “मगे शिरवाळे खा गो,” त्या म्हणाल्या, “रसात दूध खंय असता?” तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून काढलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र शेवया, आणि वर गूळ-वेलची घातलेले नारळाचे दूध, ज्याला त्या ‘रस’ म्हणतात. साचा दाबायला जोर लागतो, म्हणून घरातला एक तरुण धरून आणलेला होता. दुसऱ्या वाडग्याला मी नाही म्हटले नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुधावाचून होत आलेल्या या पदार्थाला कोणी ‘पर्याय’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

पुढच्या खेपेस मी उरलेले खोके त्यांना दाखवायला नेले. त्यांनी नळ्या शिजवल्या, पुडी फोडून वास घेतला आणि एक नळी चाखून पाहिली. “नळये बरे आसत. पण ही पिठी कसली गो?” मी यादी वाचून दाखवू लागले. लॅक्टिक आम्लापाशी त्यांनी मला थांबवले आणि गूळ चिरायला बसवले.