आजारपणाचा निरोप

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. बी.एड. झालेला माणूस आमच्या मोहल्ल्यात अर्धा वकील समजला जातो. रेशनकार्डाची दुरुस्ती, बँकेचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, असं काहीबाही घेऊन बायका शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी थांबतात. तुरुंगाची वाटही आम्हांला अशीच माहीत झाली.

सातवीतल्या एका मुलीचे अब्बा कच्चे कैदी होते. तिची अम्मी धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन मुलाखतीला गेली. दीड तास रांगेत काढल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "तो इथं नाही, दवाखान्यात आहे." कधीपासून? चार दिवसांपासून. लकवा मारला होता. रजिस्टरात फोन नंबर होता, पण तो जुना, बंद पडलेला. पत्ताही होता. पत्त्यावर कुणी आलं नव्हतं. दवाखान्यात वॉर्डाबाहेर पोलीस बसलेला. तो परवानगीचा कागद मागू लागला. कागदासाठी परत तुरुंग. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून घ्यायला ती आमच्याकडे आली तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, जिंदा है, इतना तो बोल देते."

अटक झाली की घरी कळवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बजावलं. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८ व्या कलमात आहे. पण ही झाली अटकेची गोष्ट. आत गेलेला माणूस आजारी पडला तर? १८९४ च्या तुरुंग कायद्याने आजारी कैद्याचं नाव डॉक्टरपर्यंत पोहोचवायला सांगितलं, तुरुंगात इस्पितळ असावं असंही सांगितलं. घरचे लोक त्या कलमांत कुठेच नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत ते आहेत. कैद्याने ज्याचं नाव दिलं असेल त्याला गंभीर आजार, दुखापत किंवा इस्पितळात हलवल्याची खबर तुरुंगप्रमुखाने द्यावी, असं ६९ वा नियम म्हणतो. कैद्यालाच ती नको असेल तर त्याचंही ऐकावं, हेही त्यात आहे. नियम चांगला आहे, पण त्याची सक्ती नाही.

कोठडीत मृत्यू झाला तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचं, असा आदेश आयोगाने १९९३ सालीच काढला. म्हणजे मेल्यावर दिल्लीला कधी कळवायचं ते ठरलेलं आहे. जिवंतपणी घरी कधी कळवायचं, त्याला घड्याळ नाही.

हे फक्त गरिबांच्या, अडाण्यांच्या बाबतीत होतं असंही नाही. तेलुगू कवी वरवरा राव तळोजा तुरुंगात होते. जुलै २०२० मध्ये त्यांचा घरी फोन आला, बोलणं असंबद्ध होतं. सोबतच्या कैद्याने फोन घेतला आणि यांना चालताही येत नाही, असं सांगितलं. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावलं, मग त्यांना जे. जे. रुग्णालयात हलवण्यात आलं. ऐंशीच्या घरातल्या नामांकित कवीची ही तऱ्हा. आमच्या मुलीच्या अम्मीच्या बोलावण्यावर कोणता पत्रकार येणार?

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी होते. त्यांच्यावर अजून काही शाबीत झालेलं नव्हतं. शाबीत झालेल्याचीही बायको त्याच्या उशाशी बसू नये असं कोणत्या शिक्षेत लिहिलं आहे?

तुरुंगातल्या शिपायांना आम्ही दोष देत नाही. माणसं जास्त, हात कमी. पण एक फोन लागला नाही तर दुसरा लावावा, तोही नाही लागला तर जवळच्या पोलीस ठाण्यातून माणूस घरी पाठवावा, एवढं तर जमण्यासारखं आहे. समन्स द्यायला पोलीस बरोबर घर शोधतात.

आता मोहल्ल्यातलं कुणी आत गेलं की आम्ही घरच्यांना अधीक्षकांच्या नावे मराठीत अर्ज लिहून देतो. दोन चालू नंबर, घराची खूण, जुना आजार, चालू असलेल्या गोळ्या. एक प्रत जमा करायची, दुसरीवर आवक शिक्का घ्यायचा. सिम बदललं की नवा अर्ज. नंबरांपैकी एक बहुतेक वेळा आमचाच असतो, कारण बायकांचे फोन रिचार्जअभावी बंद असतात. शाळेत तास चालू असताना मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे. मुख्याध्यापकांना विचारून आम्ही तो चालू ठेवतो.