चिलर उचलण्याआधी

भोसरी, ९ जून
मार्चपासून शेडमध्ये पडून असलेला वॉटर-कूल्ड चिलर आज उघडला. इमारत रखडली, यंत्र मात्र वेळेवर आलं; आपल्याकडे बहुतेक असंच होतं. लाकडी स्लीपरवर ठेवलाय, हे उत्तम. पण ताडपत्री चारही बाजूंनी गच्च आवळलेली. आत दमट हवा कोंडून पॅनेलच्या बिजागऱ्या गंजल्यात. वरून झाकायचं आणि बाजूंनी वारा खेळू द्यायचा, हे स्टोअरवाल्यांना समजावलं. पाण्याच्या एका फ्लँजचं झाकण गायब होतं. आतून उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या निघाल्या.

१० जून
सकाळी धावपळ. स्टोअरच्या वहीत चिलरमधल्या गॅसचा एप्रिलमधला दाब साडेआठ बार, आज गेजवर सहाच्या खाली. ‘गॅस गेला’ म्हणून फोनवर फोन. हा गॅस आर-१३४ए; तो द्रवरूपात शिल्लक असेपर्यंत त्याचा दाब तापमानच ठरवतं: ३८ अंशांना सुमारे साडेआठ बार, २६ अंशांना पावणेसहाच्या आसपास. पाऊस झालाय, शेडमध्ये आज २६ अंश आहेत. म्हणजे दाब हवा तेवढाच आहे. काळजी खरी वेगळी आहे. गॅस हळूहळू गळत असला तरी द्रव संपेपर्यंत गेज तेच दाखवत राहतो. म्हणून सगळे जोड लीक डिटेक्टरने तपासले. गळती नाही. वहीत तापमानाचा रकाना आखून दिला.

१२ जून
क्रेनच्या ठेकेदाराने स्लिंग आणून टाकल्या. उचलण्याच्या साधनांची बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी व्हायला हवी. तिचा दाखला होता, मुदतही होती. तरी अवजड माल उचलणाऱ्या खलाशांच्या मुकादमकाकांनी प्रत्येक वायर रोपवरून सुती फडकं फिरवलं. तिसऱ्या रोपवर, टोकाच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर, फडकं अडकलं. तुटलेल्या तारा बाहेर आल्या होत्या. “मॅडम, ही नको,” एवढंच म्हणाले. रोप बाजूला काढून त्यावर लाल रंग मारला.

मग कोनाचा हिशेब. चिलर ८ टनांचा. चार स्लिंग लावल्या तरी भार दोनच घेतात असं धरायचं. स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकीवर ४.६ टन, ३० अंशांत असेल तर पूर्ण ८ टन. शिवाय तिरक्या स्लिंग पॅनेल दाबतात. स्प्रेडर बीम मागवला. ‘एवढ्यासाठी?’ असं वरून विचारलं गेलं. हो, एवढ्यासाठीच.

१४ जून
क्रेनचा एक आउटरिगर नेमका बुजवलेल्या केबल ट्रेंचवर येत होता. वरून माती घट्ट दिसते, पावसात खचते. क्रेन हलवली, पायाखाली जाड पॅड घातले. त्यात दोन तास गेले.

चिलरच्या शेलमधलं चाचणीचं पाणी काढलंय, याची पुन्हा खात्री केली. कॉम्प्रेसरची बाजू जड, त्यामुळे पहिल्या उचलीत ती खाली झुकली. जेमतेम वीतभर वर होता, लगेच खाली ठेवला, शॅकल बदलून घेतले. दुसऱ्या वेळी सरळ उठला. पाच मिनिटं तसाच धरला. दोन्ही टोकांना दोर, खाली कोणी नाही, इशारा फक्त काकांचा. दुपारी फाउंडेशनवर बसला.

संध्याकाळी कळलं, खलाशांना उचलीमागे ठरावीक रक्कम मिळते. त्या दोन तासांचे पैसे नाहीत. ही पद्धत चूक आहे. ज्यांनी थांबून नीट पाहावं असं आपल्याला वाटतं, त्यांना दिवसाची मजुरी द्यायला हवी. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये तसं कलम मी घालणार आहे.