पुढच्या पावसाळ्यात, अब्बा

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. अक्षर एकीचं आहे, आठवणी दोघांच्या. त्यामुळे इथला ‘आम्ही’ मोठेपणाचा नाही. खरोखरच दोघं आहोत म्हणून आहे.

सेनगावात आमचं बी-बियाणांचं छोटं दुकान आहे. आमच्यातला एक दुकानात बसतो, दुसरी शाळेत शिकवते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या काळात प्रवास पुष्कळ झाले, पण ते शादी-वलीम्याचे, मयतीचे नाहीतर दवाखान्याचे. आम्ही दोघंच, काही काम नसताना, कुठे गेलो असं कधी झालं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा तसे निघालो. जायचं होतं सहस्रकुंडचा धबधबा पाहायला.

सहस्रकुंडचं वेड खरं तर अब्बांचं. तरुणपणी ते ट्रकवर होते. किनवटकडे सागवान आणायला जात. एकदा पावसाळ्यात वाट वाकडी करून त्यांनी तो धबधबा पाहिला आणि जन्मभर त्याचीच गोष्ट सांगत राहिले. “पानी दिखने के पैले उसकी आवाज आती,” असं म्हणताना त्यांचा हात आपोआप कानाशी जाई.

चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मोजके शब्द उरले, त्यात ‘कुंड’ हा एक होता. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की डावा हात कानाशी नेऊन ते आमच्याकडे बघत, “कुंड?” आम्ही म्हणायचो, “अगले बरसात में, अब्बा. इन्शाअल्लाह.” असे तीन पावसाळे गेले. इन्शाअल्लाह हा किती मोठा शब्द, आणि आम्ही तो ‘नाही’ म्हणायच्या जागी किती सहज वापरला, हे आज लिहिताना टोचतं.

जानेवारीत अब्बा गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. चार वर्षं आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे औषधाच्या वेळा, कूस बदलायची पाळी, धुवायच्या चादरी आणि नांदेडच्या डॉक्टरांची तारीख. ते सगळं एका दिवसात संपलं. एकमेकांशी बोलायचं काय, हेच आम्हाला कळेना. जेवताना ताटाकडे बघायचं, मुलांना निरोप सांगायचे. क्षुल्लक गोष्टींवरून खटके उडू लागले. दोघांच्याही मनात एक गोष्ट होती, पण ती दुसऱ्याला कळली तर आपल्याला माणूस तरी म्हणेल का, अशी भीती होती.

अम्मींची चार महिने दहा दिवसांची इद्दत पूर्ण झाली. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्या दोघांना समोर बसवून म्हणाल्या, “दो दिन दुकान बंद रखो. जाव, उनका कुंड देख के आव. बच्चों को मैं देखती.”

शेजारपाजारचे काय म्हणतील, ही शंका आलीच. बापाला जाऊन वर्षही झालं नाही आणि नवरा-बायको फिरायला निघाले! अम्मींनी ती तिथेच मोडली. बीवीखेरीज इतरांचा शोक तीन दिवसांचा, असं दीनने सांगितलं असताना आपण तो लोकांसाठी का लांबवायचा? आणि प्रवासात रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, हे आम्ही मुलांना कौतुकाने सांगतो. तो किस्सा आपल्या संसारासाठीही आहे, एवढं मात्र विसरतो.

शनिवारी फज्र पढून निघालो. डब्यात भाकरी, ठेचा, उकडलेले बैदे आणि थर्मासमध्ये चहा. गाडी जुनी अल्टो. अब्बांना नांदेडला नेता यावं म्हणूनच घेतलेली. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर हा रस्ता तिला पाठ होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि हळद हिरवीगार उभी होती. चार वर्षं याच रस्त्याने गेलो, पण मान वळवून मागच्या सीटकडे बघण्यातच लक्ष असायचं. ही शेतं जणू पहिल्यांदाच दिसली.

वारंगा फाट्यावर रस्ते फुटतात. उजवीकडे नांदेड, डावीकडे हदगाव. हाताने सवयीने उजवा इंडिकेटर दिला. टिक-टिक वाजत राहिली. दोघांनी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग इंडिकेटर बंद केला आणि डावीकडे वळलो. दोघांचे डोळे भरले होते, पण कुणी काही बोललं नाही.

हिमायतनगरला खालाच्या घरी उतरलो. मुक्काम तिथेच होता. सव्वा-दीडच्या सुमारास मुसाफिर म्हणून जोहरचे चारऐवजी दोन फर्ज अदा केले आणि इस्लापूरच्या रस्त्याला लागलो.

अब्बा खरं बोलत होते. गाडी लावून चालू लागलो तर पाणी दिसण्याआधी आवाज आला. पैनगंगा इथे काळ्याभोर खडकात शिरते, तिच्या असंख्य धारा होतात आणि त्या खालच्या कुंडांत कोसळतात. काठावर महादेवाचं मंदिर आहे. आपण उभे असतो तो काठ मराठवाड्याचा, समोरचा विदर्भाचा. पाणी गढूळ, मातीच्या रंगाचं. आणि तुषार इतके की चष्मा पुसून पुसून थकलो.

त्या पाण्यात आमच्या गावाकडचंही पाणी होतं. वाशिम जिल्ह्यातून येणारी कयाधू आमच्या सेनगाव तालुक्यातून हिंगोलीकडे जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. तो संगम सहस्रकुंडच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे पुलावरून आम्ही रोज बघतो ते पाणी दरसाल न चुकता इथे येत होतं. आम्हालाच चार तासांची सवड मिळाली नव्हती.

कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. मग आमच्यातलं एक जण काहीतरी बोललं. पाण्याच्या गर्जनेत ऐकू आलं नाही.

“काय?”

पुन्हा बोललं. तरी ऐकू आलं नाही. शेवटी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं, “अब्बा गेले त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं!”

जे घराच्या शांततेत सात महिने कुजबुजताही आलं नाही, ते असं भर गर्दीत ओरडून बाहेर पडलं. दुसऱ्याने क्षणभर पाहिलं आणि तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, “मलापण!”

आधी कोण बोललं, ते आम्ही सांगणार नाही. त्याने काही फरकही पडत नाही.

तिथेच एका बाकावर बसून आम्ही रडलो आणि मग बोललो. चार वर्षांत न झालेलं बोलणं झालं. अब्बांवर प्रेम नव्हतं म्हणून हलकं वाटलं नव्हतं. रात्र-रात्र जागून अंग आणि मन दोन्ही मोडली होती. नुकतेच तर आम्ही चारऐवजी दोन फर्ज पढून आलो होतो. थकलेल्या मुसाफिराचं ओझं अल्लाह स्वतः हलकं करतो, हे आम्हाला तोंडपाठ होतं. ते स्वतःला लागू करायचं धाडस झालं नव्हतं. ज्या घरांत वर्षानुवर्षं आजारी माणसाची खिदमत चालू आहे, तिथल्या भावा-बहिणींना आम्ही एवढंच सांगू: अशी गोष्ट मनात आली तर एकमेकांपासून लपवू नका. लपवल्याने ती कुजते.

आणखी एक सांगणं. सहस्रकुंडला खडकांवर शेवाळ असतं. वरच्या भागात पाऊस झाला किंवा इसापूर धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते. फोटोसाठी कठडा ओलांडू नका. मुलांचा हात सोडू नका.

रविवारी संध्याकाळी घरी आलो. अम्मी ओट्यावरच बसल्या होत्या. आवाज किती लांबून आला, पाणी कसं होतं, सगळं खोदून खोदून विचारलं. मोबाइलवर टिपून आणलेला आवाज लावून दिला. त्यांनी मोबाइल कानाशी धरला. हात अगदी अब्बांसारखा. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पचास बरस से ये आवाज सुन रई हूँ मैं. उनके मूँ से.”

“अम्मी, तुम भी देखना था,” आम्ही म्हणालो.

“मेरेकू कोन पूछा?”

रागाने नाही, सहज म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही ओठांवर आलंच होतं, “अगले बरसात में, अम्मी…” दोघांनीही ते गिळलं.

पुढच्या शनिवारी फज्रनंतर गाडी पुन्हा निघाली. मागच्या सीटवर, अब्बांच्या जागेवर, अम्मी होत्या. वारंगा फाट्यावर आम्ही डावा इंडिकेटर दिला.