पडवीतला समुद्र

निपाणीच्या माणसाला ऊस कळतो, तंबाखू कळते. समुद्र कळण्याचे काही कारण नाही. विद्यार्थीदशेत सहलीला गेलो असता मुंबईचे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही डोळे विस्फारून पाहिले होते, तेवढीच काय ती आमची सागरविद्या. परंतु प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या धाकट्या कन्येने १०० लिटरची काचेची पेटी घरी आणली, लिटरमागे ३५ ग्रॅम तयार सागरी मीठ विरघळविले, आणि आमच्या पडवीत समुद्र अवतरला. दोन नारिंगी विदूषक मासे, सहा गोगलगाई व एक कोळंबी, असा तो संसार. काचेवर तपकिरी धूळ धरली, तेव्हा नव्या पेटीत हे व्हायचेच, पाण्यातील सिलिका सरली की जाईल, असे ती म्हणाली; तशी ती गेलीही. पुढे परीक्षेसाठी ती बेळगावी वसतिगृहात राहिली आणि संसार आमच्या गळ्यात पडला.

मासे काचेशी येऊन तोंड उघडीत. आम्हांस दया येई, आम्ही दाणे टाकीत असू. आटलेले पाणी मळ्यातील विहिरीच्या पाण्याने भरून काढीत असू. विहिरीच्या चहूबाजूंस ऊस, आणि उसाला घातलेले खत नायट्रेटच्या रूपाने झिरपून विहिरीत उतरते, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मूनही आमच्या ध्यानात आले नाही. महिन्याभरात दगडांवर हिरवे केस उगवले. मागोमाग कोपऱ्यातील वाळूवर किरमिजी साय धरली. मराठीचे एम.ए. असूनही आमच्यापाशी दोहोंसाठी शब्द एकच, शेवाळ! शेजारच्या कन्नड गुरुजींचेही 'पाची' या एका शब्दावर भागते.

एका स्नेह्यांनी मोरचूद सुचविले. पिकावरील बुरशीला ते चुन्यातून फवारतात, हौदातील शेवाळही त्याने मरते. आम्ही चिमूटभर विरघळवून ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगाई उताण्या पडल्या होत्या. सायंकाळपर्यंत कोळंबीही गेली. मोरचुदातील तांबे मासा थोडेफार सोसतो, गोगलगाय व कोळंबी यांस ते विषच.

शनिवारी कन्या आली. "बाबा, एक फोन तरी करायचा होता," एवढेच ती बोलली. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

सकाळी तिने आम्हांस शेजारी बसविले. हिरवा तंतू चिमट्याने ओढावा लागे. तो दगड धरून असतो. किरमिजी साय मात्र नळीने ओढताच अखंड पापुद्र्यासारखी निघून आली. ती शेवाळ नव्हेच, तो सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा थर. पाणी जेथे निपचित पडते तेथे तो फोफावतो. तिने पंपाचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळविले. दगड-वाळूत तांबे मुरते व हळूहळू पाझरत राहते, म्हणून ती सारी काढून टाकली. विहिरीचे पाणी बंद, आर.ओ. यंत्राचे सुरू. दिव्याचे बारा तास आठावर आणले. दाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. साय पुन्हा डोकावली तेव्हा तीन दिवस दिवा विझवून पेटीवर घोंगडी पांघरली. हवेचा पंप मात्र अखंड चालू ठेवला, कारण मरणारा थर कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो. दोन महिन्यांनी काच निवळली.

मासे सुखरूप आहेत. चाचणीत तांब्याचा अंश अजून दिसतो, त्यामुळे नव्या गोगलगाई आणण्यास कन्येची परवानगी नाही. उरलेल्या मोरचुदाची पुडी सौभाग्यवतींनी त्या स्नेह्यांच्या घरी परत धाडली.