खिशांतला खेळ

पत्त्यांना चौघे लागतात, बुद्धिबळाला दुसरा लागतो आणि क्रिकेटला तर अर्धा गांव! पण कांहीं घटका अशा असतात कीं तेव्हां माणसाला गडी नको असतो. खेळ मात्र हवा असतो. ही गरज ओळखली ती जपानच्या गुन्पेइ योकोई यानें. क्योटो शहरांत १८८९ पासून पत्ते तयार करणाऱ्या निन्टेन्डो कंपनींत तो प्रथम यंत्रांची देखभाल करी. आगगाडींत एक कंटाळलेला गृहस्थ हिशेबाच्या यंत्राचीं बटणें उगाच दाबीत बसलेला त्यानें पाहिला आणि खिशांत मावणाऱ्या खेळाची कल्पना त्याला सुचली, असें सांगतात. १९८० सालीं तसे खेळ निघाले. १९८९ सालीं त्याच्या विभागानें ‘गेम बॉय’ बाजारांत आणला.

माझ्याजवळ तोच आहे. करड्या रंगाचा, हिरवट पडद्याचा. पडद्याला स्वतःचा उजेड नाहीं, म्हणून दिव्याकडे वळून बसावें लागतें. पुढें रंगीत, उजळ पडद्यांचे प्रतिस्पर्धी आले. पण ते सहा सेल खाऊन थोड्याच तासांत निजत आणि हा चार सेलांवर त्यांच्याहून पुष्कळ जास्त जागे. जुन्या, स्वस्त झालेल्या साधनांचाच नवा उपयोग शोधावा, असें योकोईचें मत होतें. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आमच्या आजीला तें लगेच पटलें असतें!

त्यावरचा माझा आवडता खेळ ‘टेट्रिस’. मॉस्कोंतील अलेक्सी पाजित्नोव यानें तो रचला. चार चार चौकोनांचे तुकडे वरून एकेक खालीं येतात. ते फिरवून असे बसवावयाचे कीं आडवी ओळ भरावी. भरलेली ओळ नाहींशी होते. वेग वाढत जातो आणि अखेर रास माथ्याला भिडते. खेळाच्या मुख्य प्रकारांत जिंकणें असें नाहींच. प्रत्येक डाव हरण्यानेंच संपतो.

मग यांत सुख तें कोणतें? वडिलांच्या शेवटच्या आजारांत मी रात्रीं त्यांच्या उशाशीं जागत असें. वाचन होत नसे. पुस्तक विचार करावयास लावी आणि विचार तर नकोच होता. आवाज बंद करून मी हा खेळ घेऊन बसें. पुढला तुकडा कोठें ठेवावा, एवढाच प्रश्न मग जगांत उरे. एकदां त्यांना जाग आली.

“काय करतो आहेस रे?”

“कांहीं नाहीं, अण्णा. खेळतों आहें.”

ते हंसले. “खेळ, खेळ,” म्हणाले आणि पुन्हां डोळे मिटले. चाळिशी उलटलेल्या मला ‘खेळ’ म्हणून सांगणारें जगांत दुसरें कोण उरलें होतें?

या खेळानें माझें दुःख हलकें केलें, असें मी म्हणणार नाहीं. त्यानें तें घटकाभर दाराबाहेर बसवून ठेवलें, इतकेंच. डाव हरला तरी एक बटण दाबावें, पडदा पुन्हां कोरा! शहाणीं माणसें याला वेळ दवडणें म्हणतात. म्हणोत बापडीं. कांहीं रात्री अशा असतात कीं कशाही दवडून पहाटेपर्यंत पोंचलें, म्हणजे पुष्कळ झालें.